‘रन’ या शब्दाशी दोन हात: नव्याने इंग्रजीत काम करणाऱ्यांसाठी

बुटीबोरीच्या कारखान्यातला शिफ्ट रिपोर्ट, अजनीच्या रेल्वे कार्यालयातलं पत्र, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातला एखादा निकाल आणि ग्रॅनाइटच्या दुकानातलं कोटेशन. चारही कागदांत ‘रन’ किंवा ‘रनिंग’ सापडतो आणि चारही ठिकाणी कोणीच धावत नसतं. मराठी माध्यमातून शिकून नोकरीला लागलेल्यांना इंग्रजीतले मोठे, अवघड शब्द फारसे नडत नाहीत, कारण ते कोशात पाहिले जातात. नडतात ते असे चिल्लर शब्द. ते ‘माहीत आहेत’ असं वाटतं, म्हणून कोणी पाहतच नाही.

‘रन’ हा त्यातला सगळ्यात पसरलेला. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’ या क्रियापदाकडे होता, ४३० अर्थ. पुढे कोशाची फेरतपासणी झाली आणि २०११ पर्यंत ‘रन’ने त्याला मागे टाकलं. क्रियापद म्हणून ६४५ अर्थ! त्या नोंदीवर पीटर गिलिव्हर या कोशकाराने कित्येक महिने काम केलं होतं. आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. यातले बरेचसे जुने, शिकारीतले, जहाजावरचे किंवा एखाद्याच धंद्यातले आहेत. कार्यालय, कारखाना, दवाखाना आणि वर्तमानपत्र एवढ्यांसाठी पंचवीस-तीस अर्थ पुरतात, आणि तेही पाठ करायचे नाहीत. वाक्यातून अर्थ काढायचा एक क्रम आहे, तो हातात बसवायचा.

आधी सामान

शंभर पानी वही, पेन्सिल आणि इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेला इंग्रजी–इंग्रजी कोश. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स, केंब्रिज किंवा लाँगमन यांतला कोणताही चालेल. तिन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. इंग्रजी–मराठी कोश या कामाला अपुरा पडतो. त्यात धावणे, वाहणे, चालवणे, पसरणे अशी माळ स्वल्पविराम देऊन ओवलेली असते आणि कुठे कोणता मणी घ्यायचा ते कळत नाही.

शिकाऊंच्या कोशात ‘रन’ची क्रियापद म्हणून एक नोंद असते आणि नाम म्हणून दुसरी. क्रियापदाच्या नोंदीत अर्थांचे गट असतात, बहुतेकदा वर छोटा मथळा देऊन: धंदा, यंत्र, पाणी, रंग, रस्ता. वाक्प्रचार आणि ‘रन आऊट’सारखी जोडक्रियापदं शेवटी येतात. नवशिके पहिला अर्थ वाचून कोश मिटतात, आणि पहिला अर्थ नेमका पायांनी धावण्याचा असतो. म्हणून नोंद उघडली की आधी नुसते मथळे वरपासून खालपर्यंत वाचा. दोन मिनिटं लागतात.

पहिली पायरी: शब्द नाम आहे की क्रियापद

रूपं तीन: रन, रॅन, रन. पहिलं आणि तिसरं सारखंच आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. ‘हॅज’, ‘हॅव’, ‘हॅड’, ‘वॉज’ यांच्यामागे ‘रॅन’ कधीही येत नाही. ‘द कॉन्ट्रॅक्ट हॅज रॅन आऊट’ चूक, ‘हॅज रन आऊट’ बरोबर. ‘रॅन’ एकटाच उभा राहतो: ‘द पंप रॅन ऑल नाइट.’

शब्दाआधी ‘अ’, ‘द’, एखादं विशेषण किंवा आकडा असेल तर तो बहुधा नाम आहे: अ ट्रायल रन, द प्रिंट रन, फिफ्टी रन्स. प्रिंट रन म्हणजे एका छपाईत काढलेल्या प्रती. ट्रायल रन म्हणजे यंत्र प्रत्यक्ष चालवून घेतलेली चाचणी. ड्राय रन त्याहून वेगळी: त्यात खरा माल, खरी लस, खरा पैसा काहीच वापरत नाहीत, फक्त क्रम तपासतात. २ जानेवारी २०२१ ला देशभर कोविड लसीकरणाची ड्राय रन झाली तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी ‘रंगीत तालीम’ लिहिलं होतं, आणि ते चपखल होतं. संगणकाच्या वर्गात ड्राय रन म्हणजे प्रोग्राम यंत्रावर न चालवता कागदावर एकेक ओळ सोडवत जाणं. परीक्षेत ‘ड्राय रन द कोड’ असं आलं तर कीबोर्डला हात लावायचा नाही. चलांच्या किमतींचा तक्ता काढायचा.

‘रनिंग’चं एक रूप हमखास चकवतं. कालावधी सांगितल्यावर शेवटी आलेला ‘रनिंग’ म्हणजे ‘सलग’. ‘ॲब्सेंट फॉर थ्री डेज रनिंग’ म्हणजे माणूस तीन दिवस सलग गैरहजर, तीन दिवस धावत नव्हे.

दुसरी पायरी: ‘चालणे–चालवणे’ लावून पाहा

मराठी माणसाच्या हातात ‘रन’साठी एक आयती किल्ली आहे: चालणे. दुकान चालतं, बस चालते, यंत्र चालतं, नाटक चालतं, परवान्याची मुदत चालू असते. या सगळ्यांना इंग्रजीत ‘रन’. इंग्रजीत दुकान धावतं आणि मराठीत ते चालतं, एवढाच काय तो वेगाचा फरक.

मग ‘रन’च्या लगेच पुढे काय आहे ते बघायचं. नाम नसेल तर ‘चालणे’, नाम असेल तर ‘चालवणे’. ‘द कँटीन रन्स वेल’: कँटीन छान चालतं. ‘शी रन्स द कँटीन’: ती कँटीन चालवते. मराठीत क्रियापदाचं रूप बदलतं, इंग्रजीत बदलत नाही, म्हणून सगळी भिस्त पुढच्या शब्दावर. जुन्या इंग्रजीत हे खरोखर दोन वेगळे शब्द होते, एक आपोआप वाहण्या-धावण्याचा आणि दुसरा पळवण्याचा. काळाच्या ओघात ते मिसळून एक झाले. कोशात याच फरकासाठी ‘इनट्रान्झिटिव्ह’ आणि ‘ट्रान्झिटिव्ह’, किंवा नुसतं ‘आय’ आणि ‘टी’ असं लिहिलेलं असतं. ती अक्षरं सोडून पुढे वाचू नका.

काळ निवडताना नागपुरी बोली कामी येते. ‘मशीन चालते’ या प्रमाण मराठी वाक्यातून ती रोज चालते की आत्ता चालते हे कळत नाही. ‘मशीन चालून राहिली’ म्हटलं की विषयच संपला, ते ‘इज रनिंग’. वाक्य मनात बोलीत म्हणून बघा: ‘-ऊन राहिली’ बसत असेल तर ‘इज रनिंग’, नसेल तर ‘रन्स’. मात्र ही युक्ती ‘रन’सारख्या हालचालीच्या क्रियापदांपुरतीच ठेवा. ‘मला आठवून राहिलं’ याचं ‘आय ॲम रिमेंबरिंग’ करायला गेलात की फसाल.

‘चालणे’ उलट दिशेने वापरताना, म्हणजे मराठीतून इंग्रजीत जाताना, जास्त सांभाळावं लागतं. मराठीतलं प्रत्येक ‘चालणे’ म्हणजे ‘रन’ नाही. ‘मोबाइल चालत नाही’ याचं ‘नॉट रनिंग’ होत नाही. ते ‘नॉट वर्किंग’. ‘ही नोट चालणार नाही’ म्हणजे ती कोणी स्वीकारणार नाही, तिथे ‘रन’चा संबंध नाही. ‘खटला चालू आहे’ याला ‘पेंडिंग’, ‘पाऊस चालू आहे’ याला ‘इट इज रेनिंग’, आणि ‘मला चालेल’ याला नुसतं ‘फाइन’ पुरतं.

कारखान्यात हा फरक कागदावर येतो तेव्हा महाग पडतो. शिफ्ट रिपोर्टमध्ये ‘मशीन नॉट रनिंग’ म्हणजे मशीन थांबलेली आहे. कारण काहीही असू शकतं: माल नाही, ऑपरेटर नाही, वीज नाही, नियोजित बंद. ‘मशीन नॉट वर्किंग’ म्हणजे ती बिघडलेली आहे आणि मेंटेनन्सने यायला हवं. कच्चा माल संपल्यामुळे थांबलेल्या मशीनपुढे ‘नॉट वर्किंग’ लिहिलं की मेंटेनन्सचा माणूस हेलपाटा घालतो आणि ब्रेकडाउनच्या तासांत फुकट भर पडते. उलट बिघडलेल्या मशीनपुढे ‘नॉट रनिंग’ लिहिलं तर पुढच्या शिफ्टपर्यंत कोणी फिरकतही नाही. सुरक्षित रीत अशी: ‘नॉट रनिंग’ लिहून स्वल्पविराम द्या आणि कारण लिहा. ‘नॉट रनिंग, नो मटेरियल.’

तिसरी पायरी: चालणं बसत नाही, मग कर्ता कोण?

किल्ली लागली नाही की कर्त्याकडे बघायचं. धावणारी वस्तू कोणती आहे यावरून अर्थ बहुतेकदा सुटतो.

पाणी असेल तर वाहणे. नाग नदी नागपूर शहरातून ‘रन्स’, नळ ‘इज रनिंग’ म्हणजे तो उघडा आहे. ‘रन द टॅप’ म्हणजे नळ उघडून पाणी वाहू द्या. ‘रनिंग वॉटर’चे दोन अर्थ होतात: वाहतं पाणी, आणि घरात नळाने येणारं पाणी. खोलीच्या जाहिरातीत दुसरा. विहीर किंवा बोअर ‘रॅन ड्राय’ म्हणजे आटली. पावसाचं जमिनीत न मुरता वाहून जाणारं पाणी म्हणजे ‘रनऑफ’, नाम, एकच शब्द. जलसंधारणाच्या अहवालांत तो पानोपानी असतो.

नाक वाहतं तिथेही ‘रन’च. ताप असेल तर ‘रनिंग अ फीवर’ किंवा ‘रनिंग अ टेंपरेचर’, म्हणजे अंगात ताप आहे. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात रुग्णाबरोबर गेलात आणि डॉक्टरने ‘एनी रन्स?’ विचारलं तर क्रिकेट डोक्यात आणू नका. बोलीभाषेत ‘द रन्स’ म्हणजे जुलाब. ‘इट रन्स इन द फॅमिली’ म्हणजे घराण्यात चालत आलेलं. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं असल्यामुळे तपासणीच्या वेळी हा प्रश्न नेहमी येतो, आणि उत्तर देताना आईकडचं व वडिलांकडचं दोन्ही सांगावं लागतं, कारण हा आजार मुलाला दोन्हीकडून दोष आला तरच पूर्ण स्वरूपात होतो. एकीकडूनच आला तर मूल वाहक राहतं.

कापड असेल तर रंग जाणे. गांधीबागेतून आणलेल्या साडीवर ‘कलर्स मे रन’ असं लेबल असेल तर ती पहिल्यांदा वेगळी धुवायची, थंड पाण्यात.

रस्ता, पाइप, तार, भिंत, सीमा हे कर्ते असतील तर काहीच हलत नाही. ‘रन’ फक्त कुठून कुठे गेलंय ते सांगतो. वर्धा रोड दक्षिणेकडे ‘रन्स’. मराठीतही रस्ता ‘जातो’, त्यामुळे हा अर्थ लवकर रुळतो. मेट्रोच्या बाबतीत दोन अर्थ शेजारी येतात. ‘द ऑरेंज लाइन रन्स फ्रॉम ऑटोमोटिव्ह स्क्वेअर टू खापरी’ यात मार्गाची लांबी आहे. ‘ट्रेन्स रन ऑन द ऑरेंज लाइन’ यात गाड्या खरंच चालतात. पहिल्या वाक्यात ‘इज रनिंग’ घातलं तर रूळच पळत सुटल्यासारखं होईल.

आकडा किंवा रक्कम: ‘रन्स इंटू लॅक्स’, लाखांत जातं. निवडणूक: ‘रन फॉर’ म्हणजे उभं राहणं. अमेरिकी बातम्यांत ते सतत दिसतं; आपल्याकडच्या इंग्रजीत ‘कंटेस्ट’ रूढ आहे आणि लिहिताना तोच वापरावा. माणूस कर्ता असून पुढे ‘लेट’ असेल तर उशीर: ‘आय ॲम रनिंग लेट’ म्हणणारा रिक्षात बसलेला असू शकतो. ‘शॉर्ट’ आणि ‘लो’ असेल तर साठा कमी होत चाललाय. ‘अ रन ऑन द बँक’ म्हणजे बँक बुडेल या भीतीने खातेदारांनी एकदम पैसे काढायला केलेली गर्दी. त्यात बँकेचं काहीच ‘चालत’ नसतं, उलट ती अडचणीत आलेली असते. ‘हिट अँड रन’मध्ये मात्र मूळ अर्थच आहे, धडक देऊन पळ काढणे.

चौथी पायरी: मागे लागलेला छोटा शब्द

‘आऊट’, ‘इंटू’, ‘ओव्हर’, ‘डाउन’, ‘अप’, ‘थ्रू’, ‘ऑफ’, ‘बाय’. यांतला एखादा ‘रन’ला चिकटला की दोन्ही मिळून नवं क्रियापद होतं आणि आधीच्या पायऱ्यांवरचं उत्तर बऱ्याचदा रद्द होतं. म्हणून छापील वाक्यात ‘रन’खाली रेघ मारताना ती पुढच्या छोट्या शब्दापर्यंत न्या.

‘रन आऊट’ रोज लागतं. वस्तू कर्ता असेल तर ती संपली: ‘द डिझेल हॅज रन आऊट.’ माणूस कर्ता असेल आणि पुढे वस्तूचं नाव येत असेल तर मध्ये ‘ऑफ’ हवाच: ‘वुई हॅव रन आऊट ऑफ डिझेल.’ ‘हॅव’ऐवजी ‘आर’ घालून ‘वुई आर रन आऊट’ म्हटलं की ऐकणाऱ्याला तुम्ही जामठ्याच्या मैदानावर धावबाद झाल्यासारखं वाटेल. मुदतीसाठीही हेच: विमा, परवाना, करार ‘रन आऊट’ होतात. पत्रात ‘एक्स्पायर’ जास्त शोभतं.

‘रन इंटू’ तिहेरी आहे. पुढे ओळखीचा माणूस असेल तर अचानक भेट, पुढे खांब किंवा दुसरी गाडी असेल तर धडक, पुढे आकडा किंवा ‘ट्रबल’, ‘प्रॉब्लेम्स’ असेल तर तिथवर पोचणं किंवा अडचणीत सापडणं. ‘ही रॅन इंटू हिज बॉस’ यात अपघात नाही. पण वाक्यात आधी स्कूटरचा उल्लेख असेल तर तोही शक्य आहे, तेव्हा मागचं वाक्य वाचा.

‘रन ओव्हर’मध्ये वाहन असेल तर चिरडणं, सभा किंवा तास असेल तर वेळेच्या पुढे लांबणं, यादी किंवा मुद्दे असतील तर पटकन नजर टाकणं. शेवटच्या अर्थाने ‘रन थ्रू’ जास्त चालतं. ‘रन थ्रू द चेकलिस्ट’ असं वरिष्ठ म्हणाले तर यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा बघायची आहे, सविस्तर तपासणी नको आहे. ‘रन इट बाय मी’ म्हणजे पुढे पाठवण्याआधी एकदा मला दाखव. ही एक प्रकारची सौम्य आज्ञा असते. ती सूचना समजून सोडून देणारे नंतर बोलणी खातात.

‘रन डाउन’: बॅटरी उतरते, माणूस थकतो, इमारत मोडकळीला येते, आणि एखाद्याला ‘रन डाउन’ करणं म्हणजे त्याला नावं ठेवणं. ‘रन अप’मध्ये उधारी किंवा बिल चढतं, नाम झालं की गोलंदाजाची धाव, किंवा निवडणुकीआधीचा काळ. ‘रन ऑफ ट्वेंटी कॉपीज’ म्हणजे वीस प्रती काढ. हा ‘ऑफ’ आणि ‘रन आऊट ऑफ’ मधला ‘ऑफ’ देवनागरीत सारखेच दिसतात, इंग्रजीत त्यांचं स्पेलिंग वेगळं आहे: पहिल्यात दोन ‘एफ’, दुसऱ्यात एकच. वहीत हे शब्द देवनागरीत उतरवणाऱ्यांनी शेजारी खूण करून ठेवावी.

सर्वनाम कुठे ठेवायचं हीसुद्धा नेहमीची अडचण. ‘रन ओव्हर’ चिरडण्याच्या अर्थाने असेल तर सर्वनाम मध्ये येतं: ‘द ट्रक रॅन हिम ओव्हर.’ ‘रन इंटू’ फुटत नाही: ‘आय रॅन इंटू हिम.’ नियम शोधत बसण्यापेक्षा कोशातलं उदाहरण जसंच्या तसं उतरवून घेतलेलं बरं.

पाचवी पायरी: धंद्यातला अर्थ

इथे शिकाऊंचा कोश हात टेकतो, कारण हे अर्थ त्या त्या कामातच जगतात. नागपुरात हमखास भेटणारे काही पाहू.

रनिंग फूट. सुतार, फॅब्रिकेटर आणि ग्रॅनाइटवाले यांचं माप. यात फक्त लांबी मोजतात, रुंदी धरत नाहीत. दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद ओटा म्हणजे १० रनिंग फूट, पण २० चौरस फूट. दगडाचा दर बहुधा चौरस फुटाला आणि कडेच्या मोल्डिंगचा, पॉलिशचा दर रनिंग फुटाला असतो. एकाच कोटेशनमध्ये दोन्ही येतात आणि नवखा माणूस दोन्ही दरांना एकाच मापाने गुणतो. एल आकाराच्या ओट्यात घोळ वाढतो. समजा भिंतीलगत एक बाजू ८ फूट, दुसरी ६ फूट, रुंदी २ फूट. भिंतीने मोजलं तर १४ रनिंग फूट. पण दगड २८ चौरस फूट लागत नाही. कोपऱ्याचा २ बाय २ चा चौकोन दोनदा धरला जातो, तो एकदा वजा केला की २४ चौरस फूट उरतात. पुढची कड तर आणखी कमी: ६ अधिक ४, म्हणजे १० रनिंग फूट. ओट्याची टोकं उघडी असतील तर प्रत्येकी २ फूट त्यात मिळवायचे. मोल्डिंगचे पैसे १४ फुटांनी लावले असतील तर हे गणित समोर ठेवून विचारा. कोटेशन घेताना ‘कोणत्या कडेचे रनिंग फूट?’ हा प्रश्न आधीच टाकलेला चांगला.

रनिंग बिल. बांधकाम खात्यात आणि ठेकेदारांच्या कार्यालयात याला ‘आरए बिल’ म्हणतात, रनिंग अकाउंटचं संक्षिप्त रूप. काम पूर्ण होण्याआधी, झालेल्या कामाचं माप मोजमाप पुस्तिकेत नोंदवून जे अंशतः बिल काढतात ते. यातला आकडा बहुधा सुरुवातीपासून आजवरचा असतो. पहिल्या बिलात ४ लाखांचं काम आणि दुसऱ्यात ‘अप टू डेट’ ९ लाखांचं दिसलं तर दुसऱ्या वेळी देय रक्कम कपातींआधी ५ लाख होते. नवीन लागलेले लेखा सहायक दोन्ही बिलांची बेरीज करून १३ लाख मांडतात. ‘प्रीव्हियस पेमेंट’चा रकाना रिकामा दिसला की थांबायचं.

रनिंग रूम, रनिंग स्टाफ. रेल्वेत ‘रनिंग स्टाफ’ म्हणजे गाडीबरोबर प्रवास करून ती चालवणारे कर्मचारी: लोको पायलट, त्यांचे सहायक, आणि पूर्वी ज्यांना गार्ड म्हणत ते ट्रेन मॅनेजर. दुसऱ्या गावी ड्यूटी संपल्यावर त्यांनी विश्रांती घ्यायची जागा म्हणजे ‘रनिंग रूम’. तिथे व्यायामाचं यंत्र शोधू नका. ‘रनिंग लाइन’ म्हणजे गाड्या जा-ये करतात तो मार्ग, साइडिंग (डबे बाजूला उभे करायचा फाटा) नव्हे. नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे अशा दोघांचेही विभाग असल्याने हे शब्द भरतीच्या जाहिरातींतही सारखे दिसतात. पद ‘रनिंग कॅटेगरी’तलं असेल तर वैद्यकीय निकष, विशेषतः दृष्टीचे, कडक असतात. अर्ज भरण्याआधी तेवढं वाचाच.

रन ऑफ माइन. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपुरात आहे, त्यामुळे कोळशाच्या निविदा आणि वाहतुकीच्या कागदांत ‘आरओएम’ दिसतं. खाणीतून निघाला तसा, न धुतलेला, न निवडलेला कोळसा. त्यात मोठी ढेकळं आणि चुरा एकत्र असतो.

न्यायालयातले दोन. ‘टाइम बिगिन्स टू रन’ म्हणजे मुदत मोजायला सुरुवात झाली. १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम ९ सांगतं, की एकदा ती सुरू झाली की दावा लावायला नंतर आलेली असमर्थता तिला थांबवत नाही. आणि शिक्षा ‘रन कन्करंटली’ म्हणजे एकाच वेळी भोगायच्या: तीन वर्षं आणि दोन वर्षं मिळून तीन. ‘कन्सेक्युटिव्हली’ असेल तर एकामागून एक, पाच. बातमी भाषांतरित करणाऱ्याने हा एक शब्द चुकवला तर दोन वर्षांचा फरक पडतो.

क्रिकेटबद्दल वेगळं लिहायची गरज नाही. धाव, धावबाद, धावगती मराठीत आधीच घट्ट बसलेत. एवढंच, की जखमी फलंदाजासाठी धावणारा ‘रनर’ आंतरराष्ट्रीय सामन्यांतून ऑक्टोबर २०११ पासून बंद झाला, त्यामुळे आता ‘रनर’ कुठे वाचनात आला तर तो बहुधा टेबलावरचा लांब कापडी पट्टा किंवा स्पर्धेतला धावपटू असतो.

वही कशी भरायची

एका पानावर एकच अर्थ. वर तुमच्या कामातलं पूर्ण इंग्रजी वाक्य, खाली मराठी वाक्य, त्याखाली कर्ता आणि पुढचा शब्द असे दोन शेरे. नुसता अर्थ लिहू नका; ‘रन = वाहणे’ ही ओळ आठवडाभरात निरुपयोगी होते. दिवसाला दोनच पानं. तिसऱ्यापासून गोंधळ सुरू होतो, कारण एकाच शब्दाचे जवळचे अर्थ एकमेकांना ढकलतात. याच कारणाने ‘रन आऊट’ आणि ‘रन ओव्हर’ एकाच दिवशी घेऊ नका.

वाक्यं मिळवायला १९११ पासून निघणारं ‘द हितवाद’ हे इंग्रजी वर्तमानपत्र हाताशी आहे. शहराचं पान, व्यापाराचं पान आणि खेळाचं पान, प्रत्येकातून ‘रन’ शोधा. खेळाच्या पानावर तो नाम म्हणून येईल, व्यापाराच्या पानावर छोट्या शब्दासह, शहराच्या पानावर ‘चालवणे’ म्हणून. आठवड्याच्या शेवटी इंग्रजी ओळ झाकून मराठीवरून ती पुन्हा लिहा. वाचताना कळणारे अर्थ लिहिताना सुचत नाहीत, हे इथेच उघडं पडतं. जिथे अडाल तिथे बोलताना साधं क्रियापद वापरा: ‘मॅनेज’, ‘फ्लो’, ‘ऑपरेट’, ‘फिनिश’. चुकीच्या ‘रन’पेक्षा ते कधीही बरे.

सरावाला पाच वाक्यं. उत्तर बघण्याआधी पायऱ्या लावून पाहा.

‘द मीटिंग रॅन ओव्हर बाय ट्वेंटी मिनिट्स.’ कर्ता सभा, मागे ‘ओव्हर’: वीस मिनिटं लांबली.

‘शी हॅज रन द मेस सिन्स २०१५.’ पुढे नाम आहे: ती २०१५ पासून मेस चालवते आहे. ‘रॅन’ का नाही ते पहिल्या पायरीवर आहे.

‘द ओल्ड पाइपलाइन रन्स बिनीथ द रोड.’ जुनी पाइपलाइन रस्त्याखालून गेलेली आहे. पाणी वाहतं की नाही हे या वाक्यातून कळत नाही.

‘ट्रेन्स आर रनिंग, बट रनिंग लेट.’ गाड्या चालू आहेत, पण उशिराने. एकाच ओळीत पहिला ‘रनिंग’ ‘चालणे’च्या किल्लीने उघडतो, दुसऱ्याला ‘लेट’ लागतो.

‘द सप्लायर रन्स अ रिस्क इफ स्टॉक रन्स लो.’ यातला पहिला फसवा आहे. पुढे नाम आहे म्हणून ‘चालवणे’ लावाल तर पुरवठादार धोका चालवतो असं काहीतरी विचित्र हाती येईल. ‘रन अ रिस्क’ हा ठरलेला वाक्प्रचार, धोका पत्करणे. कोशात तो ‘रन’च्या नोंदीत नाही मिळाला तर ‘रिस्क’च्या नोंदीत शोधा. असे अडलेले वाक्प्रचार बहुतेक वेळा दुसऱ्या शब्दाखाली सापडतात.